चाकाईचा अंगारा

गॅरेजात नवरा नेमकं काय करतो हे कस्तुराबाईनं लग्नाला वीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही विसरलेला डबा पोचवायला गेली म्हणून. पाथरीच्या स्टँडमागं टिनाच्या छपराखाली गोविंदरावांचं गॅरेज होतं. सटवाजी मिस्तरी तिथं एका जीपचं चाक काढून, ब्रेकचा ड्रम उघडून, त्यात कॉम्प्रेसरची हवा मारत बसला होता. हवा मारली की आतून काळी-करडी पूड भसकन बाहेर येई. आधी ती सटवाजीच्या तोंडावर जाई, मग छपराखाली जरा घिरट्या घाली आणि शेवटी शेजारच्या मालनबाईच्या भज्यांच्या कढईत उतरे. सटवाजीनं मान वळवून खोकून घेतलं, थुंकला आणि पुन्हा हवा मारायला लागला.

"आवं, हे काय करायलाव?" कस्तुराबाईनं डबा खाली ठेवला.

"ड्रम साफ करायलोय. बिरेकाचं लायनर झिजतं, त्याची पूड आत साठती. काढली न्हाई तर बिरेक लागत न्हाई."

"आन् रोज ही अशी खायलाव?"

"खायलोय कुठं? उडायलीय ती."

"मंग भुजंगभावजीनं काय केलं होतं? त्यांनीबी उडूच दिली होती ना?"

सटवाजीनं हवेची नळी खाली ठेवली. त्याचा जोडीदार भुजंग याच गॅरेजात अठरा वर्षं लायनर ठोकत होता. आदल्या हिवाळ्यात तो गेला. शेवटी शेवटी घराच्या तीन पायऱ्या चढायला त्याला तीनदा बसावं लागे. परभणीच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढून सांगितलं होतं की आत धूळ बसलीय, पण तोवर फार उशीर झाला होता. त्याला नेताना चौघांनाही खांदा जड लागला नाही, आणि याचंच लोकांना जास्त रडू आलं. तेराव्यानंतर कस्तुराबाईनं सटवाजीला हाताला धरून त्याच डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, "मिस्त्री, तुम्हीही त्याच वाटेला लागलाय. धूळ टाळा." तेव्हापासून कस्तुराबाई नवऱ्याचा प्रत्येक खोकला मोजत होती. धंदा सोडा असं ती म्हणाली नाही. सटवाजीच्या हाताला ब्रेकशिवाय दुसरं काही येत नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

आता मात्र ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आमी बायका अंगण झाडायच्या आदी पाणी शिपडतो. धूळ बसावी मनून. कालची पोरगीबी सांगंल हे. आन् तुमी शिकलेसवरलेले मिस्तरी वाळल्या धुळीला वारा घालायलाव!"

सटवाजी खजील झाला. वीस वर्षांत हे ना त्याला सुचलं होतं, ना भुजंगला, ना गोविंदरावांना. एवढ्याशा अकलेपायी भुजंग गेला की काय, या विचारानं त्यानं डबा न उघडताच बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजात तांब्या घेऊन आला. पहिली गाडी दत्तरावाची निघाली. नामांतराच्या मोर्च्यांचे नि बंदचे दिवस होते, एस.टी. कधी येईल कधी नाही याचा नेम नव्हता, त्यामुळं खासगी जीपांची चलती होती, आणि पाथरी-सेलू रस्त्यावर दत्तरावाइतकी माणसं एका जीपमध्ये कुणालाच कोंबता येत नव्हती. सटवाजीनं चारही ड्रम उघडून त्यांत तांब्या तांब्या पाणी ओतलं. धूळ अजिबात उडाली नाही. चिखल झाला, तो फडक्यानं पुसून त्यानं ड्रम बसवले आणि समाधानानं विडीऐवजी बडीशेप खाल्ली.

ओला ब्रेक लागत नाही, हे सटवाजीला ठाऊक होतं. पण आनंदाच्या भरात माणूस ठाऊक असलेलंही विसरतो. दत्तरावाची जीप स्टँडवर थांबायची ती थांबलीच नाही. स्टँड गेला, पोस्ट गेलं, मारुतीचं देऊळ गेलं, आणि पुढच्या कडब्याच्या गंजीत तोंड खुपसून ती उभी राहिली. आत सतरा उतारू होते. सोळा जणांनी दत्तरावाचा उद्धार केला. सतराव्याचं घर गंजीसमोरच होतं, त्यानं आशीर्वाद दिला.

"मिस्तरी, माझ्या गाडीला बिरेक बसवला का नांगर?" दत्तराव डोक्यातला कडबा काढत गॅरेजात आला.

"जरा ओला ऱ्हायला, दत्तराव. वाळंल."

"वाळंस्तोवर मी काय परभणीपोतर जाऊ का काय, थांबायला?"

गोविंदरावांनी आपलं म्हणणं वेगळं मांडलं. पाण्यानं ड्रम गंजायला लागले होते. तेव्हा सटवाजीनं ओतायचं बंद केलं, नुसत्या ओल्या फडक्यानं पुसायला लागला, आणि गंज चढू नये म्हणून गोविंदरावांनी ड्रमना बाहेरून तांबडा रंग फासायला सांगितला. तो रंग सुकल्यावर शेंदरासारखा दिसे. पण रंग काय, रंगच. तेव्हा कुणाच्या मनात काही आलं नाही.

फडकं छोटं पडे, ड्रम निघतानाच पूड उडे. हे ऐकून कस्तुराबाईनं पेटीतून आपलं हिरवं लुगडं काढलं. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरहून आलेलं ते लुगडं आता विरलं होतं, पण काठ अजून तांबडेलाल होते.

"हे भिजवून चाकावरनं सोडा. पदराखालनं हात घाला आन् मंग काय उघडायचं ते उघडा."

"तुझं पंचमीचं लुगडं?"

"लुगडं काय, दुसरं येईल," ती म्हणाली आणि तोंड फिरवून चुलीकडं गेली.

लुगड्यानं खरोखर काम केलं. ओल्या कापडाला पूड चिकटून राही. संध्याकाळी सटवाजी ते बादलीत पिळे, तळाशी बसलेला गाळ गॅरेजामागच्या खड्ड्यात ओतून वर माती लोटे. महिनाभरात छपराखालची हवा निवळली. मालनबाईची भजी कित्येक वर्षांनी पिवळी दिसू लागली, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांना वाटलं हिनं बेसन बदललं. आणि मालनबाईचा दहा वर्षांचा खोकला, जो कुठल्याही काढ्याला दाद देत नव्हता, तो गेला.

सटवाजीचा मात्र गेला नाही. बाहेरची धूळ थांबली होती, पण वीस वर्षं आत जाऊन बसलेली कुठं जाणार? तो कस्तुराबाईला सांगे, "कमी हाय आज." ती मान हलवी. दोघांनाही आकडा ठाऊक होता.

नवरात्र बसलं आणि इथून गोष्ट हाताबाहेर गेली. ललितापंचमीच्या सकाळी मालनबाई पाण्याची घागर घेऊन गॅरेजापुढून चालली होती. तिनं पाहिलं ते असं: जीप जॅकवर चढवलेली, चाकाच्या जागी शेंदरी गोल ठाण, त्यावर लाल काठाचं हिरवं लुगडं, लुगड्यातून थेंब थेंब तीर्थ गळतंय, आणि पदराखाली डोकं घालून सटवाजी हात जोडल्यासारखा काहीतरी पुटपुटतोय. तो खरं तर न निघणाऱ्या स्प्रिंगला शिव्या देत होता. पण मालनबाईनं घागर खाली ठेवली, घरी गेली आणि खण-नारळ, तांदूळ घेऊन परत आली.

"मिस्तरी, सरका. ओटी भरायचीय."

"कुणाची?"

"आता कुणाची मनून मलाच इचारायलाव? माझा खोकला कुणी बरा केला?"

"आवो मालनबाई, ते फडकं हाय. धूळ उडंना झाली, मनून तुमचा खोकला गेला."

"फडक्यानं कुटं खोकला जातो का? आसं आसतं तर घरोघर फडकी हायत की."

या बोलण्यात काही दम नव्हता असं म्हणवत नाही. सटवाजी स्पष्टीकरण द्यायला लागला, तेवढ्यात त्यालाच खोकला आला. मालनबाईनं ओटी भरली, नमस्कार केला आणि बादलीच्या काठावर वाळून बसलेली करडी, मऊ पूड चिमटीत घेऊन कपाळाला लावली. उरलेली पुडीत बांधून घेतली.

"आवो, ती लायनरची पूड हाय! तिनं भुजंग गेला!"

"देवीचा अंगारा हाय," मालनबाई शांतपणे म्हणाली. "तुमाला तुमच्या हातातलं दिसंना, मिस्तरी."

मालनबाईच्या हॉटेलात दिवसातून दोनशे माणसं चहा पीत. दसऱ्यापर्यंत देवीला नावही मिळालं. चाकाई. दत्तरावाची जीप हीच तिची पहिली स्वारी, म्हणून दत्तरावानं काचेवर 'चाकाई प्रसन्न' असं लिहून घेतलं, आणि कडब्याची गंज ही दुर्घटना नसून देवीनं सतरा जणांना वाचवल्याची साक्ष ठरली. त्यानं ती कथा आणि अंगाऱ्याच्या पुड्या वालूरपर्यंत पोचवल्या. तिकडून त्या कुणाच्या तरी सासरी गेल्या, आणि एक दिवस येलदरीहून एक दमेकरी म्हातारा बैलगाडी, एस.टी. आणि जीप अशी तिन्ही वाहनं करून गॅरेजात येऊन बसला. त्याला चार पावलं चालून बसावं लागत होतं. सटवाजीनं त्याच्याकडं पाहिलं आणि त्याला भुजंगच्या तीन पायऱ्या आठवल्या.

"बाबा, ह्यानं तुमचा दम वाढंल. परत जावा."

"देवीनं नुसतं बगितलं तरी पुरं, लेका," म्हातारा म्हणाला. जाताना मात्र तो दोन पुड्या घेऊन गेला.

गोविंदराव वाईट माणूस नव्हते. गॅरेजापुढं गर्दी दिसली की त्यांना बरं वाटे, एवढंच. त्यांनी छपराला एक घंटा टांगली. जीपवाले ब्रेक चांगले असतानाही चारही ड्रम उघडून मागू लागले, कारण ड्रम उघडल्याशिवाय दर्शन कसं होणार? ज्या गाडीचं काम वर्षातून एकदा निघायचं, ती आता दर मंगळवारी येऊन उभी राहू लागली. सटवाजी ज्या धुळीपासून पळायला बघत होता, ती त्याच्यापुढं चौपट येऊन पडत होती.

आणि मग लुगडी आली. नवस फेडणाऱ्या बायकांनी चाकाईला गुलाबी, जांभळी, चंदेरी बुट्ट्यांची नायलॉनची पातळं वाहिली. आठवड्यात अकरा.

"मिस्तरी, देवीला विटकं लुगडं शोभतं का?" गोविंदराव म्हणाले. "नवी हायत की एवढी."

"मालक, नायलॉन पाणी धरत न्हाई. पूड चिकटत न्हाई त्याला."

"लोकांनी श्रद्धेनं दिलंय."

नायलॉन भिजवलं की पाणी निथळून जाई आणि पदर वाऱ्यावर फडफडे. पूड पुन्हा छपराखाली घिरट्या घालू लागली. पंधरा दिवसांत मालनबाईची भजी काळी झाली. आणखी आठ दिवसांनी मालनबाई खोकायला लागली.

"बगा, मालनबाई," सटवाजी जवळजवळ आनंदानं म्हणाला, "बगा, नायलॉन लावलं की खोकला आला! आता तरी पटलं का?"

"पटलं," मालनबाई घाबऱ्या चेहऱ्यानं म्हणाली. "देवी कोपली." आणि त्या दिवसापासून ती अंगारा कपाळाला लावायच्या ऐवजी मधातून चाटायला लागली.

सटवाजीनं गाळ लांब ओढ्याकाठी नेऊन पुरला. लोकांनी तो उकरून काढला, भुईतून अंगारा निघाला म्हणून तिथंही नारळ फुटले. त्यानं कस्तुराबाईचं जुनं लुगडं पुन्हा चाकावर सोडलं, तर बायकांनी देवीचा अपमान केला म्हणून त्याला घेरलं. मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी गॅरेजापुढं दीडशे माणूस जमलं होतं. सगळ्यांत पुढं एक बाई आपल्या खोकणाऱ्या तान्ह्या पोराला घेऊन बसली होती, आणि मालनबाई त्याच्या ओठांवर चिमूट ठेवायला वाकली होती. ते बघितलं आणि सटवाजीचं डोकं सणकलं. तो जीपच्या बॉनेटवर चढला.

"थांबा! लावू नका त्याला! ही देवी न्हाई, ही पूड हाय! बिरेकाची पूड हाय! ह्यानंच माझा भुजंग गेला आन् आता मी—"

एवढा श्वास त्याच्याजवळ नव्हता. पुढचं वाक्य घशात अडकलं आणि खोकल्याची अशी उबळ आली, की तो बॉनेटवर गुडघ्यांवर कोसळला. अंग गदागदा हललं. डोळे पांढरे झाले. डोक्यावरची टोपी उडाली, घशातून हुं हुं असा आवाज निघू लागला.

गर्दी पुढं सरकली. मग कुणीतरी घंटा बडवली.

"आली! मिस्तरीच्या अंगात चाकाई आली!"

दीडशे माणसं एकदम पाया पडली. गोविंदराव सगळ्यांत आधी पडले. बायकांनी सटवाजीच्या पायावर पाणी घातलं, लिंबू उतरवलं. त्या मायलेकरांना मागं सारून एक शेतकरी पुढं घुसला.

"माय, माझी म्हैस कवा गाभण ऱ्हाईल?"

सटवाजीला श्वास मिळत नव्हता. त्यानं 'पाणी, पाणी' म्हणून हात हलवला.

"पावसाळ्यात मनायलीय," दत्तरावानं अर्थ सांगितला.

दिवस मावळायला दत्तरावानं त्याला फुलांनी मढवलेल्या जीपमधून घरी सोडलं. उतरताना सटवाजीनं त्याचा दंड धरला. "दत्तराव, त्या लेकराला लावलं का रं?"

"लावलं की. तुमच्याच पायाशी ठिवून लावलं," दत्तराव भक्तिभावानं म्हणाला. सटवाजीनं हात सोडला.

कस्तुराबाई दारात उभी होती. गावभर झालं होतं ते तिच्या कानावर आलं होतं. तिनं त्याला धरून खाटेवर बसवलं, गळ्यातले हार काढले, पाणी दिलं. सटवाजी भिंतीला टेकला. दिवसभराच्या या हलकल्लोळात त्याला एकाच गोष्टीचा आधार वाटत होता. या अख्ख्या तालुक्यात एक माणूस तरी असं होतं, की ज्याला खरं काय ते ठाऊक होतं. लुगडं तिचंच आणि पाणी शिंपडायची अक्कलही तिचीच.

"ऐकलंस का," तो म्हणाला, "माझ्या अंगात देवी आली मनायलेत." तो हसायला गेला आणि खोकला.

कस्तुराबाई हसली नाही. तिनं दिवा लावला, देवळीतून कुंकवाचा करंडा काढला आणि त्याच्यापुढं बसली. करंडा उघडला. आत कुंकू नव्हतं. करडी, मऊ पूड होती. ती कसली हे सटवाजीला सांगावं लागलं नाही. तिचा रंग तो वीस वर्षं नखांत वागवत होता.

"हे तुझ्याकडं?"

"मालनबाईनं दिला. दोन मैने झाले. तुमचा डोळा लागला की लावते रोज."

"कस्तुरे, ही काय हाय ठाव न्हाई का तुला?"

"ठाव हाय की. बिरेकाची पूड हाय. माझ्याच लुगड्यातनं पिळल्याली."

"मंग?"

तिनं करंड्यातली पूड चिमटीत घेतली. "डाक्टरच्या गोळ्या झाल्या. काढा झाला. लुगडं झालं. भुजंगभावजीच्या येळंला आपुन लय शानपणा केला, त्यांच्या आईला अंगारा लावू दिला न्हाई. ऱ्हायले का ते?" तिचा आवाज फुटला. "समदं गाव येडं झालंय, आन् मी एकटी शानी. शानी ऱ्हाऊन तुमच्या मागं एकटीनं काय करू मी?"

सटवाजीकडं उत्तरं पुष्कळ होती. दुपारी तो तीच तर ओरडून सांगत होता. पण तिनं चिमूट त्याच्या कपाळापुढं धरली होती, आणि वीस वर्षांत तिनं त्याच्याकडं स्वतःसाठी म्हणून काही मागितलं नव्हतं.

त्यानं कपाळ पुढं केलं आणि श्वास रोखला. तिनं दोन भुवयांच्या मधोमध बोट टेकवलं. थोडी पूड नाकाच्या शेंड्यावर सांडली. तिचा हात मागं जाईपर्यंत तो कसाबसा थांबला आणि मग जी उबळ आली, ती थांबता थांबेना. कस्तुराबाई त्याची पाठ चोळत राहिली.

"निघू द्या. समदं भायेर निघू द्या. लागू पडायलाय बगा." वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर उजेड आला होता. "जरा हलकं वाटायलंय ना?"

"व्हय," सटवाजी म्हणाला. "लय हलकं वाटायलंय."

एवढं खोटं बोलण्यापुरता श्वास त्याच्याजवळ अजून शिल्लक होता.